आयुष्मान कार्ड आहे, मग डोळे तपासायचे पैसे का लागतात? (जळगाव, धुळे, नंदुरबार)

अंजनीकाठ
मंडळी, जळगाव जिल्ह्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी बिलिंगच्या टेबलावर काम करते. शीर्षकातला प्रश्न मला रोज ऐकावा लागतो. माणूस पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढतो, टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "ताई, पाच लाखांचं कार्ड आहे, तरी तपासायचे पैसे मागता?" त्याचा राग खरा असतो. कार्ड काढून देताना त्याला कुणीतरी 'आता सगळं फुकट' असंच सांगितलेलं असतं.

तर आधी सरळ उत्तर. आयुष्मान कार्ड ज्या योजनेचं ती प्रधानमंत्री जन आरोग्य योजना काय किंवा आपली महात्मा फुले योजना काय, दोन्ही भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. ओपीडी त्यात येत नाही. चष्म्याचा नंबर काढणे, डोळ्याचा दाब पाहणे, थेंब टाकून पडदा तपासणे या नेहमीच्या तपासणीसाठी बिल लावायला आमच्या संगणकावर रकानाच नाही. आम्ही मुद्दाम नाकारतो असं नसतं.

मोतीबिंदूचा माणूस त्याच दिवशी घरी जातो, मग ते कसं बसतं, असंही विचारतात. ती डे-केअर शस्त्रक्रिया धरली जाते, म्हणून. प्रधानमंत्री योजनेच्या पॅकेजमध्ये भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि सुट्टी झाल्यानंतरचे १५ दिवस यांतल्या तपासण्या आणि औषधं धरलेली असतात. म्हणजे तुमचं ऑपरेशन कार्डावर मंजूर झालं असेल, तर त्यासाठी लागलेल्या त्या मुदतीतल्या तपासणीचे वेगळे पैसे कुणी मागू नयेत. मागितले तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतीसाठी रुग्णालयात बसणाऱ्या माणसाला गाठा, तो नसेल तर १५५३८८ किंवा १४५५५ ला फोन लावा.

आता ज्या कारणासाठी हा धागा काढला ते. काही ठिकाणी लोकांना सांगितलं जातं, "कार्ड द्या, अंगठा द्या, बाकी आम्ही बघतो." तपासणी होते, चष्माही मिळतो, आणि कार्डावर भलतंच काही चढतं. हे करू देऊ नका. तुमच्याकडे असं झालं असेल तर इथे लिहा, पण दवाखान्याचं किंवा डॉक्टरांचं नाव लिहू नका. तक्रारीची जागा वेगळी आहे.

केळीबाग_रावेर
ताई, बरं झालं धागा काढला. माझे वडील ६८ वर्षांचे, शुगर बरीच जुनी. डाव्या डोळ्याने धूसर दिसतं म्हणतात. तालुक्यात एका ठिकाणी नेलं तर तिथला माणूस म्हणाला, भरती दाखवून सगळ्या तपासण्या करून देतो, तुमचा रुपया जाणार नाही. वडील तयार आहेत. म्हणतात, सरकारचे पैसे आहेत, आपल्या खिशातले थोडेच जातात. त्यांना काय सांगू?

अंजनीकाठ
दादा, त्यांना सांगा की पैसे त्यांच्याच कुटुंबाचे आहेत. पाच लाख वर्षाला आणि अख्ख्या कुटुंबाला मिळून आहेत. उद्या घरात कुणाचं हृदयाचं किंवा मूतखड्याचं निघालं तर त्यातूनच जायचे.

आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट नोंदीची आहे. समजा कागदावर 'डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला' असं चढलं आणि डोळा होता तसाच राहिला. पुढे खरंच ऑपरेशनची वेळ आली आणि त्याच डोळ्यासाठी मंजुरी मागितली, तर संगणकावर आधीचं ऑपरेशन दिसणारच. तेव्हा अंगठा कुणाचा होता हे पाहिलं जातं, आणि तो तुमच्या वडिलांचा असतो. अंगठा देण्याआधी कुठल्या उपचारासाठी देतोय ते विचारायचं, आणि नंतर मोबाइलवर येणारा मेसेज घरातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्यायचा.

पांझरा_धुळे
मला वेगळं वाटतं, बोलून टाकतो. माझा एका हातावर पोट असलेल्या माणसाशी रोजचा संबंध आहे. त्याला तपासणी आणि चष्मा मिळाला, दवाखान्याला चार पैसे मिळाले, तर बिघडलं कुणाचं? खरा अन्याय वेगळाच आहे. माणूस आंधळा होईपर्यंत थांबायचं आणि मग पाच लाख दाखवायचे. तीनशे रुपयांच्या तपासणीला पैसे नाहीत आणि ऑपरेशनला आहेत, हा कुठला हिशेब? धुळे जिल्हा या योजनेत पहिल्या टप्प्यापासून आहे. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यातल्या ज्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं धुळं होतं. बाकी राज्यात ती पुढच्या वर्षी गेली. एवढी वर्षं झाली, नाव बदलून महात्मा फुले योजना झालं, रक्कम दीड लाखाची पाच लाख झाली, पण डोळा तपासायचा खर्च अजून रुग्णाच्याच खिशातून.

नेत्रसेवा
पांझरा भाऊ, तुमचा दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. पहिला नाही, आणि का नाही ते डोळ्याच्याच भाषेत सांगतो. मी सरकारी रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून काम करतो.

खोट्या भरतीत तपासणी होते असं तुम्ही धरून चाललात. बहुतेक वेळा होतो तो फक्त चष्म्याचा नंबर. मशीनसमोर बसवलं, तक्ता वाचून घेतला, चष्मा दिला, झालं. शुगरवाल्या माणसाची खरी तपासणी पडद्याची असते. थेंब टाकायचे, बाहुली मोठी व्हायला अर्धा तास थांबायचं, मग आतला पडदा पाहायचा. मधुमेहात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, आणि सुरुवातीला रुग्णाला काहीही जाणवत नाही. तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या माणसाच्या पडद्यावरही आजार असू शकतो. चष्मा मिळाला की माणूस निर्धास्त होतो आणि पुढची दोन-तीन वर्षं फिरकत नाही. खोट्या बिलाचं नुकसान ते हेच.

काचबिंदूचं याहून वाईट आहे. नजर कडेकडेने जाते, समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं. दुखत नाही, लाल होत नाही. आणि गेलेली नजर कुठल्याच ऑपरेशनने परत येत नाही, राहिलेली फक्त वाचवता येते. मोतीबिंदूत ऑपरेशननंतर दिसायला लागतं, म्हणून लोक काचबिंदूलाही 'पिकू द्या, मग काढू' म्हणतात. हात जोडून सांगतो, असं थांबू नका. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर दाब आणि डोळ्यामागची नस तपासून घ्याच.

आता पैशाचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय यात येतात. चोपडा, शिरपूर इथे उपजिल्हा रुग्णालय आहे. जळगाव आणि धुळ्याची वैद्यकीय महाविद्यालयं वेगळ्या विभागाकडे आहेत, तिथे नाममात्र शुल्क लागू शकतं, पण पडदा आणि काचबिंदूची साधनं आणि डॉक्टर तिथेच जास्त. या कशालाच आयुष्मान कार्ड लागत नाही. आधार घेऊन या, झालं.

मोतीबिंदूसाठीही फक्त कार्डावर अडून राहू नका. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे, त्यात सरकारी रुग्णालयात ऑपरेशन आणि लेन्स मोफत. शिबिरवाल्या संस्थांनाही त्याच कार्यक्रमातून अनुदान मिळतं.

पांझरा_धुळे
साहेब, तक्ता वाचता येतो तरी पडदा खराब असू शकतो हे मला माहीत नव्हतं. अंगठ्याचा मुद्दा मागे घेतो. पण मोफत ओपीडी आहे म्हणता, तर तिथे नेत्रवाले रोज असतात का? आमच्याकडच्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारीच येतात, आणि तो वार बाहेर कुठे लिहिलेला नसतो.

नेत्रसेवा
खरं आहे. एकाच माणसाकडे शाळा तपासणी, शिबिरं आणि ओपीडी असते. जायच्या आधी रुग्णालयात फोन करा किंवा गावातल्या आशाताईंना विचारा. आणि दुपारी नका येऊ, सकाळी या. थेंब टाकल्यावर तीन-चार तास जवळचं धूसर दिसतं, उन्हाचा त्रास होतो. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन तर बघायलाच नको. सोबत कुणीतरी हवं, आणि स्वतः मोटरसायकल चालवत परत जायचं नाही.

आशा_साक्री
मी आशा आहे. साहेबांनी सोबत कुणीतरी हवं म्हटलं, खरी अडचण तिथेच आहे. तपासणी फुकट असली तरी म्हातारीसोबत जाणाऱ्या पोराची मजुरी बुडते, दोघांचं एसटीचं भाडं लागतं. कापूस वेचणीच्या दिवसांत तर कुणी नाव काढत नाही. एक आजी मला म्हणाल्या, "माय, डोयाले कमी दिसस ते काय नवं शे? वय व्हयनं." वय झालं म्हणजे दिसणार नाहीच, असं बायांनी धरूनच ठेवलंय. पुरुषाचा डोळा गेला की घर हलतं, बाईचा गेला की तिची फक्त चूल बदलते, सून करते.

मी आता असं करते. शुगर-बीपीच्या गोळ्या घ्यायला जे येतात त्यांची वहीत वेगळी यादी करते आणि नेत्रवाल्यांचा वार असेल त्याच दिवशी गोळ्या घ्यायला बोलावते. एका भाड्यात दोन कामं. आणि दोन-तीन आजींसोबत एकच पोरगा पाठवते.

बिलिंगवाली_जळगाव
माझी थोडी लांबची माहिती, पण विषय तोच. मी घरून अमेरिकेतल्या दवाखान्यांचं मेडिकल बिलिंग करते. तिथल्या ६५ वर्षांवरच्या लोकांच्या सरकारी विम्यात, मेडिकेअरमध्ये, चष्म्यासाठीची नेहमीची तपासणी येत नाही. १९६५ मध्ये कायदा झाला तेव्हापासूनच वगळलेली आहे. नंबर काढण्याला ९२०१५ हा वेगळा कोड आहे आणि त्याचे पैसे रुग्णच देतो. म्हणजे आपल्या आजोबांसारखेच तिकडचे आजोबाही काउंटरवर भांडतात, मला त्यांचे फोनचे तपशील वाचावे लागतात.

फरक पुढे आहे. त्याच माणसाला मधुमेह असेल तर पडद्याची वर्षातून एकदा तपासणी विम्यात बसते. काचबिंदूचा धोका जास्त असलेल्यांना, म्हणजे मधुमेही किंवा घरात काचबिंदू असलेल्यांना, वर्षातून एकदा ती तपासणीही बसते. एक हिस्सा रुग्णाला भरावा लागतो, पण दार उघडं आहे. बिल कशावर ठरतं, तर रुग्ण कशासाठी आला आणि डॉक्टरांनी काय लिहिलं यावर. 'चष्मा हवा' लिहिलं तर नाही, 'मधुमेह, पडदा तपासणी' लिहिलं तर हो. खोटं लिहिलं तर तिकडे दवाखान्यावर जबर दंड बसतो, म्हणून आमची अर्धी नोकरी डॉक्टरांचे शेरे नीट वाचण्यातच जाते.

इंग्लंडात याहून सोपं आहे. १६ च्या आतली मुलं, ६० वरचे, मधुमेही, काचबिंदूवाले, आणि चाळिशीवरचे ज्यांच्या आई-वडील, भावंडं किंवा मुलांना काचबिंदू आहे, यांची तपासणी फुकट आणि तपासणाऱ्याला सरकार पैसे देतं. स्कॉटलंडमध्ये २००६ पासून सगळ्यांनाच. म्हणजे 'तपासणीला बिल लावता येत नाही' हा काही निसर्गनियम नाही. आपण मागितलं तर निदान शुगरवाल्यांसाठी एक पॅकेज मागायला हरकत काय?

अंजनीकाठ
ताई, अगदी मनातलं लिहिलंत. माझीही मागणी तेवढीच आहे. सगळ्यांच्या चष्म्याचं राहू द्या. मधुमेही आणि काचबिंदूच्या घरातला माणूस, वर्षातून एकदा, बाहुली मोठी करून पडदा आणि दाब. एवढ्याला एक कोड द्या. मग खोट्या भरतीचं कारणही उरणार नाही आणि लोकांचे डोळेही वेळेत पाहिले जातील.

चटईवाला_एमआयडीसी
अंजनीकाठ ताई, एक विमा राहिला. आम्ही जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आहोत. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू होतो. आमच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. त्यात ओपीडी आहे! म्हणजे डोळे दाखवायला भरती व्हायची गरज नाही. आधी विमा दवाखान्यात जायचं, ते पुढे पाठवतात. बायको, मुलं, अवलंबून असलेले आई-वडीलही त्यात. आमच्यातले अर्धे लोक कपात देतात आणि तपासणी मात्र बाहेर पैसे देऊन करतात, कारण कार्ड कधी काढलंच नाही. दालमिल आणि पाइपवाल्या कामगारांनीही आपली पगाराची पावती बघा.

रेल्वेवाले_आबा
भुसावळचा निवृत्त रेल्वे कर्मचारी. आम्हाला रेल्वे रुग्णालय आहे, उमीद कार्डावर ओपीडी होते, त्यामुळे मी या प्रश्नात कधी पडलो नाही. पण धागा वाचून एक गोष्ट डोक्यात आली. लोको पायलटची नजर नोकरीभर ठरावीक मुदतीने तपासतात, नजर बसली नाही तर इंजिनावरून उतरवतात. कारण त्याच्या डोळ्यांवर हजार माणसांचा जीव असतो. मग ऊस-केळीने भरलेली ट्रॉली रात्री बऱ्हाणपूर रस्त्याने नेणाऱ्याचे डोळे कोण तपासतं? काळी-पिवळीवाल्याचे? तपासणीचा खर्च परवडतो की नाही हा सरकारचा प्रश्न नाही, रेल्वेला तो कायम परवडत आलाय.

सातपुडा_पायथा
धडगाव तालुक्यातून लिहितोय. इथे बिलाचा प्रश्न नंतर, रस्त्याचा आधी. नंदुरबारला वैद्यकीय महाविद्यालय झालं २०२० मध्ये, चांगलं झालं, पण पाड्यावरून घाट उतरून तिथे पोहोचायला अख्खा दिवस मोडतो. आमच्याकडे सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार, बऱ्याच घरांत आहे. सिकलसेलचाही पडद्यावर परिणाम होतो हे मला एका शिबिरात कळलं, तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मधुमेहासोबत तेही मागणीत घाला. आणि जो तपासायला येईल त्याला भिली किंवा पावरी कळणारं माणूस सोबत द्या. 'डावीकडचं अक्षर वाचा' हे मराठीतून सांगितलं तर आमची आजी घाबरून गप्प बसते आणि कागदावर 'दिसत नाही' लिहिलं जातं. अक्षरांऐवजी उलटसुलट 'ई'चा तक्ता असतो ना, बोटांनी दिशा दाखवायची, तो आणा.

नेत्रसेवा
सिकलसेलचा मुद्दा बरोबर आहे, नक्की घाला. लहान मुलांसाठीही एक सांगतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून झाली. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, डोळेही पाहतं. शाळेतल्या गरजू मुलांना अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून चष्मा मोफत मिळतो. पथक येणार त्या दिवशी मूल शाळेत असलंच पाहिजे. एका डोळ्याचा नंबर जास्त आणि दुसरा चांगला असेल तर मूल कधी तक्रार करत नाही, आणि तो डोळा आळशी होत जातो. सात-आठ वर्षांच्या आत धरलं तर सुधारायची शक्यता खूप जास्त.

केळीबाग_रावेर
वडिलांना घेऊन सिव्हिलला जाऊन आलो. थेंब टाकून पडदा पाहिला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू थोडा आहे, पण धूसर दिसायचं मुख्य कारण पडदा निघालं, शुगरमुळे. दोन्ही डोळ्यांना लेझर सांगितलंय, उजव्यालाही! उजव्याने त्यांना चांगलं दिसतं, तरी. त्या माणसाच्या म्हणण्याप्रमाणे भरती दाखवून चष्मा घेतला असता तर हे कळलंच नसतं. आता लेझरला कार्ड चालेल का?

अंजनीकाठ
दादा, वेळेत गेलात, फार बरं वाटलं. लेझर हा उपचार झाला, तपासणी नाही. त्यामुळे त्यासाठी पूर्वमंजुरी मागता येते का हे विचारायला पूर्ण जागा आहे. कुठल्या रुग्णालयाला कुठलं पॅकेज मंजूर आहे हे आरोग्यमित्राच्या संगणकावर दिसतं. कार्ड, आधार, रेशनकार्ड आणि आजचा केसपेपर घेऊन त्याच्याकडे जा, आणि 'मधुमेहामुळे पडद्याला लेझर' असं डॉक्टरांच्या हातचं लिहून घ्या. नुसतं 'डोळ्याचा त्रास' लिहिलं तर फाइल परत येते. मंजुरीला वेळ लागणार असेल तर सरकारी रुग्णालयातच लेझर होतं का ते त्याच खिडकीवर विचारा, तारीख पुढे ढकलू नका. शुगर आणि बीपी ताब्यात ठेवणं लेझरइतकंच महत्त्वाचं आहे.

वडिलांना ७० पूर्ण झाली की आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ते सुरू आहे, उत्पन्नाची अट नाही, आणि आधीच योजनेत असलेल्या घरातल्या ७० वरच्यांना वेगळे पाच लाख मिळतात.

आशा_साक्री
मागणीचा अर्ज कुणी लिहिला तर आमच्या ग्रामसभेत मी ठेवते.

अंजनीकाठ
लिहायला घेतलाय. मसुदा असा: तालुक्याच्या रुग्णालयात नेत्र तपासणीचा वार ठरवून तो बाहेर फलकावर आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा. मधुमेही, सिकलसेलचे रुग्ण आणि काचबिंदूच्या घरातले यांची वर्षातून एकदा पडदा आणि दाब तपासणी जनआरोग्य योजनेत पॅकेज म्हणून घ्यावी. आशाताईंना रुग्ण सोबत आणण्याचा प्रवासखर्च मिळावा. धडगाव, अक्कलकुवा, पाल, यावलच्या सातपुड्याच्या पट्ट्यात फिरतं पथक द्यावं, सोबत स्थानिक बोली जाणणारं माणूस. अर्ज रुग्ण कल्याण समितीला, जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि राज्य आरोग्य हमी सोसायटीला, तीन प्रती. काही सुटलं असेल तर रविवारपर्यंत इथे सांगा, सोमवारी पक्का करून टाकते. प्रत्येकाने आपल्या गावच्या ग्रामसभेच्या ठरावासोबत जोडला तर वजन येईल.

रेल्वेवाले_आबा
वाहनचालकांचं घाला, ताई. ट्रॅक्टर आणि काळी-पिवळीवाल्यांसाठी बाजाराच्या दिवशी तपासणी. रावेर, सावद्याच्या बाजारात सगळे एका जागी सापडतात.

अंजनीकाठ
घातलं, आबा.